श्री चित्रा: शल्यगृह आणि कार्यशाळेची पन्नास वर्षे

1970च्या दशकात भारतातल्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात पाऊल टाकले, तर खाटांवर म्हाताऱ्यांपेक्षा तरुण पोरीपोरेच जास्त दिसत. लहानपणी घसा बसला, ताप आला, सांधे दुखले, घरच्यांनी काढा दिला आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले. पुढे पंधरा-वीस वर्षांनी तीच मुलगी पहिल्या बाळंतपणात धाप लागून रुग्णालयात यायची. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घशाला झालेला संसर्ग वेळीच पेनिसिलिन देऊन आटोक्यात आणला नाही, तर त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि हा ताप हृदयाच्या झडपांना, त्यातही डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला, कायमचे जायबंदी करतो. हा गरिबीचा, दाटीच्या घरांचा आजार. झडप फारच बिघडली तर बदलणे हाच उपाय उरे. बदली झडप परदेशातून यायची, डॉलरमध्ये, आणि तिची किंमत शेतमजुराच्या घराला कोणत्याही हिशेबाने परवडणारी नव्हती.

श्री चित्रा तिरुनाळ वैद्यकशास्त्र व तंत्रज्ञान संस्थेचा इतिहास या खाटांपासून सांगितला तरच नीट कळतो. तिरुवनंतपुरमची ही संस्था आज राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे, तिला विद्यापीठाप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार आहे, तिच्या नावावर पेटंटे आहेत. पण जैवसामग्रीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा लोकांना तिच्याविषयी जो आदर वाटतो तो एका वेगळ्याच कारणाने. या संस्थेने आपली चुकलेली पावले लपवली नाहीत. काय तुटले, का तुटले आणि मग काय केले, हे तिने छापून ठेवले. म्हणून तिच्याकडून शिकता येते.

सुरुवात देणगीने झाली. त्रावणकोर राजघराण्याने केरळच्या जनतेसाठी 1973 साली तिरुवनंतपुरममध्ये एक बहुमजली इमारत दिली. संस्थेला नाव मिळाले ते त्रावणकोरचे अखेरचे महाराज श्री चित्रा तिरुनाळ बलराम वर्मा यांचे. 1936 साली मंदिरप्रवेशाची घोषणा करून संस्थानातील देवळे सर्व हिंदूंना खुली करणारे ते हेच महाराज. कोल्हापूर-बडोद्याच्या वाचकांना संस्थानिकांनी दवाखाने-शाळा उभारल्याचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचे. इमारत मिळाली की बहुतेक ठिकाणी खाटा टाकून रुग्णालय सुरू होते. इथे मात्र मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्या सरकारने आधी माणूस शोधला.

तो माणूस म्हणजे डॉ. एम. एस. वलियातन. जन्म 1934, तिरुवनंतपुरम वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच तुकडीचे विद्यार्थी. इंग्लंडमध्ये एफआरसीएस करून ते भारतात परतले, चंडीगडच्या पीजीआयमध्ये काम केले आणि मग हृदयशस्त्रक्रिया शिकायला अमेरिकेला गेले. तिथे त्यांना जॉर्जटाउन विद्यापीठात डॉ. चार्ल्स हफनेगल यांच्या हाताखाली काम करायला मिळाले. हफनेगल हे साधे नाव नव्हे. माणसाच्या शरीरात कृत्रिम झडप सर्वप्रथम 1952 साली बसवली ती त्यांनी. प्लास्टिकच्या नळीत फिरणारा प्लास्टिकचा गोळा, असे ते यंत्र होते आणि ते हृदयात न बसवता खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसवावे लागे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर स्वतः कार्यशाळेत जाऊन साधन घडवू शकतो, हे वलियातन यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. भारतात परतल्यावर मद्रासच्या आयआयटीशीही त्यांचा संबंध आला. 1974 साली त्यांनी तिरुवनंतपुरमची जबाबदारी घेतली आणि 1994 पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते संचालक राहिले.

एखाद्या संस्थेला पहिली वीस वर्षे एकच संचालक मिळणे हे आपल्याकडे दुर्मीळ. दर तीन वर्षांनी खुर्ची बदलली असती तर पुढे सांगणार असलेली झडप दुसऱ्या अपयशानंतर फाइलबंद झाली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

1976 साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष पी. एन. हक्सर यांच्या हस्ते वैद्यकीय केंद्राचे उद्घाटन झाले आणि रुग्णसेवा सुरू झाली. पाठोपाठ जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग उभा राहिला, तो रुग्णालयापासून सुमारे 11 किलोमीटरवर, पुजप्पुरा भागातल्या सेटलमंड राजवाड्यात. राजवाड्याच्या आवारात लेथ आले, पॉलिमरच्या रासायनिक प्रयोगशाळा आल्या, ऊतिसंवर्धनाच्या खोल्या झाल्या आणि प्राणिगृहही झाले. 1980 साली संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे: संस्था आरोग्य मंत्रालयाकडे न जाता विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे गेली. रुग्णालय चालवणारी संस्था विज्ञान विभागाखाली असल्यामुळे अभियंत्याची जागा ही दुय्यम जागा राहिली नाही. त्याला डॉक्टरच्या बरोबरीने पद होते, बढतीची वाट होती आणि संशोधनाचा निधी होता. आपल्याकडच्या कित्येक रुग्णालयांत आजही बायोमेडिकल इंजिनिअर म्हणजे बंद पडलेला मॉनिटर दुरुस्त करणारा माणूस समजला जातो. श्री चित्रात तो पहिल्या दिवसापासून साधन घडवणारा माणूस होता.

पहिले मोठे यश झडपेने दिले नाही, ते रक्ताच्या पिशवीने दिले. ही गोष्ट स्मरणिकांत एका ओळीत उरकली जाते, पण ती तेवढ्यावर सोडण्यासारखी नाही.

त्या काळी आपल्या रक्तपेढ्यांत रक्त काचेच्या बाटलीत घेत. बाटली फुटते, पुन्हा वापरण्यासाठी धुवावी व निर्जंतुक करावी लागते, आणि तिच्यातल्या रक्ताचे घटक वेगळे करणे जिकिरीचे. प्लास्टिकच्या पिशवीत हे सगळेच पालटते. पिशवी थेट सेंट्रिफ्यूजमध्ये घालून फिरवता येते. जड लाल पेशी तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि तो जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत दाबून काढता येतो. बाहेरची हवा कुठेच लागत नाही. एका दात्याच्या रक्तावर दोन-तीन रुग्णांचे काम भागते. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटसाठी धावपळ केलेल्या प्रत्येक कुटुंबाने हा फायदा घेतलेला आहे, जरी तो कुठून आला हे त्यांना ठाऊक नसले तरी.

पण अशी पिशवी बनवणे सोपे नाही. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ करायला त्यात प्लास्टिकायझर मिसळावा लागतो आणि तो थोडाथोडा रक्तात झिरपतो. किती झिरपला तर चालेल, हे मोजावे लागते. यात एक गंमत अशी की डीईएचपी हा नेहमीचा प्लास्टिकायझर लाल पेशींच्या पटलाला काहीसा आधारही देतो, त्यामुळे साठवणीत पेशी कमी फुटतात. मग 350 मिलिलिटरच्या पिशवीत 49 मिलिलिटर सीपीडीए द्रावण, जे रक्त गोठू देत नाही आणि लाल पेशींना 35 दिवस जगवते. शिवणी अशा हव्यात की सेंट्रिफ्यूजच्या जोराने उसवता कामा नयेत. वाफेच्या निर्जंतुकीकरणात पिशवी चिकटता कामा नये. नळी, सुई, लेबलाचा डिंक, सगळ्याची चाचणी. लेबलाचा डिंकसुद्धा, कारण त्यातली रसायने पातळ प्लास्टिकमधून आत जाऊ शकतात.

हे तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले आणि 1980च्या दशकात पेनिन्सुला पॉलिमर्स या नव्या कंपनीला दिले. ही कंपनी तिरुवनंतपुरमचीच. सी. बालगोपाल या माजी सनदी अधिकाऱ्याने नोकरी सोडून ती उभी केली होती. पुढे 'पेनपोल' या नावाने ती पिशवी देशभर गेली, जपानच्या तेरुमो कंपनीने भागीदारी केली आणि आज तेरुमो पेनपोलचा कारखाना जगातल्या मोठ्या रक्तपिशवी उत्पादकांत गणला जातो. सरकारी प्रयोगशाळेतून निघालेले तंत्रज्ञान कारखान्यात टिकत नाही, असे सर्रास म्हटले जाते. रक्तपेढीत जाऊन पिशवीवरचे नाव वाचले तर ते खरे नाही हे कळेल.

शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवलेले असताना रक्तात प्राणवायू मिसळणारा ऑक्सिजनेटर, सांडलेले रक्त गोळा करून परत देणारे कार्डिओटॉमी रिझर्व्हायर, हाडाची पोकळी भरायला वापरायचे हायड्रॉक्सीअपॅटाइटचे सच्छिद्र दाणे, दातांत भरायचे पदार्थ, अशी कामेही त्याच काळात झाली. त्यांचा तपशील इथे देत नाही. झडपेकडे येतो.

वर्षे 1976 ते 1990. झडप साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या घेराची. एक धातूचे कडे, त्याला आतून दोन कमानी, आणि त्या कमानींमध्ये मोकळी बसवलेली एक चकती. रक्ताच्या दाबाने चकती कलते आणि वाट उघडते. दाब उलटला की ती मिटते. कड्याभोवती कापडाची शिवण-कडी असते, तिच्यात टाके घालून सर्जन झडप हृदयात शिवतो. मोटर नाही, बॅटरी नाही. एवढे साधे यंत्र, पण त्याच्याकडून अपेक्षा काय? मिनिटाला 70 ठोके धरले तर वर्षाला सुमारे 3 कोटी 68 लाख वेळा ते उघडले आणि मिटले पाहिजे. वीस वर्षांच्या मुलीत बसवले तर चाळीस-पन्नास वर्षे. तेलपाणी नाही, सर्व्हिसिंग नाही, आणि एकदाही अडकायचे नाही. वर तिच्यावर रक्त गोठता कामा नये आणि तिने लाल पेशी ठेचता कामा नयेत.

जगात तोवर या चकतीसाठी पायरोलिटिक कार्बन वापरला जात होता. अणुभट्टीतल्या इंधनकणांवर लेप देण्यासाठी अमेरिकेत जे संशोधन झाले, त्यातून ही सामग्री निघाली होती. भारतात ती बनत नव्हती आणि आयात चकती घेऊन झडप बनवायची तर किंमत कशी उतरणार? म्हणून वलियातन आणि त्यांचे सहकारी, अभियंते जी. एस. भुवनेश्वर व इतर, यांनी स्वतःची सामग्री शोधायला घेतली. धातूकाम आणि झिजेच्या प्रश्नांसाठी शेजारच्याच विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे आणि बंगळूरच्या एनएएल या विमानविज्ञान प्रयोगशाळेचे दार ठोठावले. रॉकेट आणि विमाने करणाऱ्या माणसांकडे हृदयाच्या झडपेचा प्रश्न घेऊन जाणे हे त्या काळी सहज सुचणारे नव्हते.

पहिल्या नमुन्यात मुख्य कमान इलेक्ट्रॉन-किरणांच्या वेल्डिंगने कड्याला जोडली होती. चाचणीयंत्रात पुन्हापुन्हा ताण बसून ती नेमकी वेल्डिंगच्या जागी तुटली. नमुना बाद.

हे अपयश तिथेच, प्रयोगशाळेत झाले याचे महत्त्व कळायला त्याच सुमारास परदेशात काय चालले होते ते पाहावे लागेल. ब्यॉर्क-शायली या नामांकित झडपेचा 'कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह' नावाचा नमुना 1979 पासून बाजारात होता. त्याचीही एक कमान वेल्डिंगने जोडलेली होती. ती रुग्णांच्या हृदयात तुटू लागली. चकती निसटून रक्तप्रवाहात वाहून जायची आणि रुग्ण बहुधा काही तासांतच दगावायचा. 1986 साली तो नमुना मागे घेतला गेला, तोवर सुमारे 86 हजार झडपा माणसांत बसवून झाल्या होत्या. शेकडो मृत्यू झाले आणि खटले वर्षानुवर्षे चालले. तिरुवनंतपुरममध्ये तुटली ती यंत्रातली झडप होती. पुढच्या प्रत्येक नमुन्यात त्यांनी वेल्डिंगच काढून टाकले. कडे आणि कमानी धातूच्या एकाच अखंड ठोकळ्यातून कोरून काढायच्या ठरल्या. काम कितीतरी पटींनी अवघड, खर्चिक, पण जोडच नाही तर जोड तुटणार कुठून?

दुसरा नमुना: टायटॅनियमचे कोरीव कडे आणि कृत्रिम नीलमण्याची चकती. एकस्फटिकी नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. चकती झिजेना, मात्र तिने टायटॅनियम खरवडायला सुरुवात केली. कठीण पदार्थ मऊ धातूवर घासला की हेच होणार. नमुना बाद.

तिसऱ्या नमुन्यात टायटॅनियमऐवजी हेन्स-25 हा कोबाल्ट-क्रोमियम-टंगस्टनचा चिवट मिश्रधातू घेतला, चकती नीलमण्याचीच ठेवली. आता यंत्रातल्या चाचण्या उत्तम आल्या. मेंढ्यांच्या हृदयात झडपा बसवल्या, मेंढ्या बऱ्या झाल्या, चरू लागल्या. या टप्प्यावर कुणालाही वाटावे की जमले. मग एक धडधाकट दिसणारी मेंढी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी अचानक मेली. शवविच्छेदनात नीलमण्याच्या चकतीचे तुकडे निघाले.

या क्षणी काय काय दबाव असेल याची कल्पना संस्था चालवलेल्या कुणालाही करता येईल. दहा वर्षे होत आलेली. सरकारी पैसा. बाकीच्या मेंढ्या ठणठणीत. एक मेंढी अपवाद म्हणून सोडून देता आली असती, अहवालात एक तळटीप टाकता आली असती. पुजप्पुऱ्याच्या मंडळींनी तसे केले नाही. नीलम कठीण आहे पण ठिसूळ आहे, त्याच्या आतला सूक्ष्म तडा बाहेरून तपासून पकडण्याची खात्री नाही, म्हणजे कोणती चकती कधी फुटेल हे सांगता येणार नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी तिसरा नमुना पूर्णपणे टाकून दिला. माझ्या मते श्री चित्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस हा आहे. पहिल्या रुग्णाचा दिवस त्याच्यानंतर येतो.

चौथ्या नमुन्यात त्यांनी कठीणपणाचा हट्टच सोडला. चकती केली अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची. ब्रिटनमध्ये सर जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकापासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यात हेच प्लास्टिक वापरले होते. शरीरात ते वर्षानुवर्षे राहू शकते हे माहीत होते. झडपेत मात्र ते कुणी यशस्वी करून दाखवले नव्हते. पाश्चात्त्य कंपन्या कार्बनवर भर देत असताना प्लास्टिककडे जाणे हे मागे जाण्यासारखे दिसत होते. प्लास्टिक फुटत नाही, धातूला ओरबाडत नाही, आणि चकती कमानींमध्ये मोकळी असल्यामुळे उघडझाप करताना हळूहळू स्वतःभोवती फिरते. त्यामुळे झीज एकाच जागी न होता सगळ्या कडेवर वाटली जाते. यंत्रातल्या चाचण्यांत वर्षांचे ठोके काही महिन्यांत मोजून पाहिले गेले. मेंढ्या जगल्या. आणि एक फायदा असा निघाला जो कुणी मुद्दाम मागितला नव्हता: प्लास्टिकची चकती मिटताना आवाज कमी करते. धातू-कार्बनच्या झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत रुग्णाला आणि शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. कित्येकांना तिच्यामुळे झोप लागत नाही.

6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली, श्री चित्राच्याच शल्यगृहात. त्यानंतर देशातील सहा केंद्रांत 306 रुग्णांवर चाचणी झाली. त्या चाचणीचा शोधनिबंध 2001 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. रत्ना मगोत्रा यांचेही नाव आहे. डॉ. पी. के. सेन यांनी 1968 साली जिथे भारतातले पहिले हृदयरोपण केले, त्या केईएमचा या झडपेच्या जडणघडणीत असा वाटा आहे, हे मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट या ठिकाणी सांगितली पाहिजे. भारतात हृदयाच्या झडपा, स्टेंट, सांध्यांचे इंप्लांट यांना औषध कायद्याखाली आणणारी अधिसूचना निघाली 2005 साली. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम आले 2017 साली आणि ते अमलात आले 1 जानेवारी 2018 पासून. म्हणजे 1990 साली या झडपेची चाचणी कशी घ्यावी हे सांगणारा देशी कायदाच नव्हता. मेंढ्या, नैतिक समिती, मर्यादित रुग्ण, मग अनेक केंद्रे, ही शिस्त संस्थेने आंतरराष्ट्रीय मानके समोर ठेवून स्वतःवर घालून घेतली. पुढे पुजप्पुऱ्याच्या चाचणी प्रयोगशाळांनी फ्रान्सच्या कोफ्राक संस्थेची मान्यता मिळवली. आज देशातल्या एखाद्या नवउद्योगाला आपले प्लास्टिक, धातू किंवा मलमपट्टी शरीराला अपाय करत नाही हे सिद्ध करायचे असेल, तर पेशींवरची विषाक्तता, रक्ताशी सुसंगतता, प्राण्यातले रोपण, या चाचण्या करून देणाऱ्या मोजक्या विश्वासार्ह ठिकाणांत पुजप्पुरा आहे. झडपेपेक्षाही ही सोय देशाला जास्त उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही. झडप एक आहे. चाचणीच्या दारातून शेकडो उत्पादने गेली.

झडपेचे तंत्रज्ञान टीटीके समूहाकडे गेले. 1990च्या दशकाच्या मध्यापासून 'टीटीके चित्रा' या नावाने ती मिळू लागली, आयात झडपेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांत ती बसवली गेली आहे. यातल्या प्रत्येकाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि ठरावीक काळाने रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर तपासावा लागतो. यांत्रिक झडपेच्या कोणत्याही जातीला ही अट सुटलेली नाही. जिल्ह्याच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटरवर राहणाऱ्या रुग्णाची ही तपासणी चुकते, गोळी सुटते, झडपेवर गुठळी धरते. चित्राची झडप स्वस्त झाली, पण तपासणीची सोय तालुक्यापर्यंत पोचली नाही. हा दोष झडपेचा नाही, आपल्या आरोग्यव्यवस्थेचा आहे आणि त्याने माणसे मरतात.

बहुधा हेच जाणून संस्थेने तिसरा विभाग जोडला. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी अच्युत मेनन केंद्राची पायाभरणी 15 जून 1992 रोजी तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली आणि 2000 साली केंद्राचे उद्घाटन झाले. शिक्षणाच्या अंगाने सांगायचे तर मद्रासची आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा यांनी मिळून चालवलेला क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम. टेक. अभ्यासक्रम माझ्या मते देशातला नमुनेदार अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकी विद्यार्थी यात वॉर्डात उभा राहतो, शस्त्रक्रिया पाहतो आणि मग आराखडा काढायला बसतो. एप्रिल 2020 मध्ये, करोनाची साथ नुकतीच पसरत असताना, याच संस्थेने विषाणूचे एन जनुक ओळखणारे 'चित्रा जीनलॅम्प-एन' हा निदानसंच इतक्या झटपट पुढे आणला, त्यामागे चाळीस वर्षांची सवय होती.

डॉ. वलियातन 1994 साली निवृत्त होऊन मणिपाल विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नंतर त्यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर तीन मोठे ग्रंथ लिहिले. 2005 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 17 जुलै 2024 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुष्कळ मृत्युलेखांत झडपेचे जनक म्हणून त्यांचा गौरव झाला. तो योग्यच आहे, तरी त्यांच्या बरोबरीने लेथवर धातूचा ठोकळा कोरणारे कारागीर, रात्री चाचणीयंत्राची नोंद घेणारे तंत्रज्ञ आणि मेंढ्यांची काळजी घेणारे पशुवैद्य यांची नावे कुठे वाचायला मिळत नाहीत, याची खंत वाटते. संस्थेने तिच्या पुढच्या इतिहासग्रंथात ती सगळी छापावीत.

महाराष्ट्रात या वाटेने थोडेफार काम सुरू आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने 2014 साली 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झाले आणि नागपूरचे व्हीएनआयटी व पुण्याचे सीओईपी त्यात सामील झाले. हे चांगलेच आहे. तरीही राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या पाहता ते फार थोडे आहे. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर या प्रत्येक शहरात शासकीय वैद्यकीय शिक्षण आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. दोन्ही ठिकाणी प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, दोन्हींचे प्रकल्प अहवाल दरवर्षी बांधून कपाटात जातात.

या स्मरणिकेचे वाचक म्हणजे बहुतांशी याच दोन्ही प्रकारच्या संस्थांतले लोक. त्यांना माझी विनंती आहे की या शैक्षणिक वर्षात आपल्या शेजारच्या संस्थेशी एक करार करा. त्यात तीन गोष्टी असू द्या: अंतिम वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना शल्यगृहात व वॉर्डात नियमित प्रवेश, डॉक्टर आणि अभियंता असे दोन मार्गदर्शक, आणि बाद झालेल्या प्रत्येक नमुन्याचा लेखी अहवाल. तिसरी अट कुणाच्याही आग्रहाने गाळू नका.